फोनसाठी लावलेलं घर

मुलांनो, हातातलं सगळं खाली ठेवा आणि थोडा वेळ एका घरात चला. घर सोलापुरातलं आहे, अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत. दोन खोल्या, एक लोखंडी कॉट, एक टेबल, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. आता असं समजा की तुम्ही अकरा वर्षांचे आहात, सहावीत शिकता आणि तुमचे वडील सैन्यात आहेत. ते इतक्या उंचावर आणि इतक्या लांब आहेत, की त्यांचा फोन आठवड्यातून एकदाच येतो, रविवारी सकाळी दहाला. तोंड दिसणारा फोन, पण दहाच मिनिटांचा. त्या दहा मिनिटांत फोनच्या चौकटीत जेवढं दिसेल, तेवढंच त्यांच्यासाठी घर. मग तुम्ही त्यांना काय दाखवाल?

संघप्रिया शिवशरण काय दाखवायची ते सांगतो.

रविवारी नऊ वाजले की ती कामाला लागायची. कॉट ओढून खिडकीसमोर आणायची, कारण खिडकीच्या उजेडात माणसाचा चेहरा भरलेला दिसतो. कॉटवर पेटीतली नवी चादर घालायची. भिंतीला पोपडे आले होते, तिथं कॅलेंडर अडकवायची. मग आईला उठवायची, तिला तोंड धुवायला लावायची, तिचे केस विंचरायची आणि हिरवी साडी हातात द्यायची. फोन कुठं धरायचा हे तिला बोटाच्या मापानं ठाऊक होतं. जरा डावीकडं गेला की मोरीतली खरकटी भांडी दिसत. जरा खाली गेला की आईचे हात दिसत, आणि आईचे हात हल्ली थरथरत.

"कसं हाय सगळं?" पप्पा विचारायचे.

"बरं हाय," आई म्हणायची.

"बरं हाय की," आबा मागून ओरडायचे. आबा म्हणजे संघप्रियाचे आजोबा, ईश्वर शिवशरण. त्यांनी तीस वर्षं यंत्रमागावर काढली होती. मागाच्या खडखडाटानं त्यांचा एक कान गेला होता, त्यामुळं ते कुजबुजले तरी चौथ्या घराला ऐकू जाई.

हा नेम आबांनीच घालून दिला होता. वाईट बातमी फोनवर सांगायची नाही. "ड्यूटीवरच्या माणसाच्या डोक्यात घरची काळजी शिरली की त्याचा पाय चुकतो," ते म्हणायचे. "हितं पाय चुकला तर माणूस गटारीत पडतो. तितं पडला तर सापडत न्हाय." स्वतः आबांनीही हा नेम पाळला होता. मागच्या मे महिन्यात ते सायकलवरून पडले, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. रविवारी त्यांनी खांद्यावरून शाल पांघरली आणि प्लास्टर झाकून बसले. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन.

"आबा, मे महिन्यात शाल?" पप्पांनी विचारलं.

"पेपरात फोटो येतात त्या मोठ्या लोकांच्या अंगावर बघ की, बारा महिने शाल असती," आबा म्हणाले. पप्पा पोट धरून हसले. आईही हसली होती. तेव्हा ती हसत असे.

आईचं नाव मुक्ता. मागच्या उन्हाळ्यापर्यंत ती टॉवेलच्या कारखान्यात घड्या घालायला जायची. शेजारची ईरम्मा तिची जोडीदारीण. रोज सकाळी ईरम्मा दारातून हाक मारायची, "बा, मुक्ता." 'बा' म्हणजे कानडीत 'ये'. दोघी डबे घेऊन, कुणाची तरी नक्कल करत, खिदळत जायच्या. मग पप्पांची बदली त्या उंच ठाण्यावर झाली. आधी आईची झोप गेली. मग भूक गेली. मग तिनं कारखान्याला जाणं सोडलं. ईरम्मा महिनाभर दारात येऊन हाक मारत राहिली आणि नंतर तिनंही हाक मारणं सोडलं. आई भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. रागवायची नाही, रडायची नाही. काही विचारलं तर बऱ्याच वेळानं म्हणायची, "हं?"

हे आबांना दिसत नव्हतं असं नाही. त्यांनी एकदा तिला गल्लीतल्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी टॉनिकची बाटली दिली. बाटली संपली. आबा म्हणाले, "प्रदीप आला की होईल बरी." प्रदीप म्हणजे संघप्रियाचे पप्पा.

डिसेंबरात एका बुधवारी संघप्रिया शाळेतून आली, तर घरात गॅसचा वास भरला होता. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि गॅस तसाच फुसफुसत होता. आई शेगडीपासून दोन हातांवर, भिंतीला टेकून, उघड्या डोळ्यांनी बसली होती. तिला वास आला नव्हता. संघप्रियानं बटण बंद केलं, दोन्ही खिडक्या उघडल्या आणि आईला दंडाला धरून बाहेर आणून बसवलं. आबा तेव्हा पेन्शनीच्या कामाला गेले होते. त्यांना तिनं संध्याकाळी सांगितलं. आबा उठून शेगडीचं बटण तपासून आले आणि म्हणाले, "पप्पाला बोलू नको हं, बाळा."

त्या दिवसापासून शाळेत फळ्याकडं बघताना संघप्रियाला फळा दिसेनासा झाला. तिला शेगडीच दिसे. तिला एकच हवं होतं. घराबाहेरच्या कुणातरी मोठ्या माणसाला हे कळावं आणि त्यानं काहीतरी करावं.

तसं माणूस येणार आहे, असं तिला जानेवारीत कळलं.

विद्यापीठातून आरोही नावाच्या एका ताईचा आबांना फोन आला. सैनिकांच्या घरची माणसं कशी राहतात, त्यांची तब्येत, त्यांचं मन, मुलांचा अभ्यास, या सगळ्याचा त्या अभ्यास करत होत्या. जिल्ह्यात घरोघर जाऊन प्रश्न विचारत होत्या. मोडनिंबचं काम झालं होतं, मंद्रूपचं झालं होतं, आता शहरातली घरं होती. "कुणाचंही नाव कुठं लिहिलं जात नाही, आजोबा," त्यांनी सांगितलं. "फक्त खरंखुरं सांगायचं."

आबांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "नाव न्हाय लिहीत म्हणं. नाव न लिहिता सरकारचा कागद असतो व्हय? हा कागद फिरत फिरत पप्पाच्या साहेबाच्या टेबलावर जाणार. साहेब म्हणणार, ह्याच्या घरी असं हाय व्हय. मग काय राहिलं?"

"सरकारचा न्हाय आबा, कॉलेजचा हाय," संघप्रिया म्हणाली.

"कॉलेज कुणाचं हाय मग?"

पण 'खरंखुरं सांगायचं' हे शब्द तिनं ऐकले होते. आबांचा फोन तसाही सगळ्या खोलीला ऐकू येई. तीन दिवस ती मनात वाक्यं जुळवत राहिली. ताई येतील. ताई विचारतील. मी गॅसचं सांगीन.

शनिवारी सकाळची शाळा होती. साडेअकराला ती घरी आली आणि बाराला आरोहीताई येणार होत्या. आणि मुलांनो, इथं एक चूक झाली. दुसऱ्या कुठल्या घरातल्या मुलीकडून ती झाली नसती. दप्तर ठेवलं, पाहुणं माणूस येणार म्हणून तिचे हात आपोआप चालू लागले. कॉट खिडकीसमोर आला. नवी चादर आली. कॅलेंडर भिंतीवर गेलं. तिनं आईला उठवलं, तोंड धुवायला लावलं, केस विंचरले, हिरवी साडी दिली. आपण काय करतोय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. दारात चपला काढत आरोहीताई म्हणाल्या, "किती छान ठेवलंय तुम्ही घर," आणि हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं, तेव्हा कुठं संघप्रियाचं लक्ष खिडकीसमोरच्या कॉटकडं गेलं.

आरोहीताई पंचविशीच्या असतील. घामानं त्यांचा चष्मा नाकावरून घसरत होता. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग कागद काढले. बावन्न प्रश्न होते. प्रत्येकाला पाचातलं एक उत्तर द्यायचं होतं: नेहमी, बऱ्याचदा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.

"मागच्या महिन्यात तुम्हाला झोप न लागण्याचा त्रास झाला?"

"कधीच न्हाय," आई म्हणाली.

"काही करावंसंच वाटत नाही, असं झालं?"

"कधीच न्हाय."

"घरातल्यांची मदत मिळते?"

"नेहमी," आबा ओरडले.

"आजोबा, हे ताईंनीच सांगायचं असतं," आरोहीताई हसून म्हणाल्या.

"तीच सांगतीय की. मी जरा मोठ्यानं म्हणलो एवढंच."

आई खिडकीच्या उजेडात सरळ बसली होती. दर रविवारी बसते तशी. हात पदराखाली. बावन्न प्रश्नांना बावन्न चांगली उत्तरं वीस मिनिटांत झाली. मग मुलांसाठीचा वेगळा कागद निघाला. आबांनी त्यावर पालक म्हणून सही केली. मुलीशी एकटीशी बोलायचं असतं, असं ताईंनी सुचवलं. आबा म्हणाले, "बोला की. मला एका कानानं ऐकू येत न्हाय," आणि दुसरा कान तिच्याकडं करून बसले.

"संघप्रिया, तुला कधी भीती वाटते?"

"न्हाय."

"घरात कुणी उदास असेल, तर तू ते कुणाला सांगतेस?"

आता. हाच तो प्रश्न होता. तीन दिवस जुळवलेली वाक्यं तिच्या जिभेवर आली. तिनं आबांकडं बघितलं. आबा रागानं बघत नव्हते. ते घाबरून बघत होते. शाल पांघरून बसले होते तेव्हाही त्यांचे डोळे असेच होते.

"आमच्या घरात कुणी उदास न्हाय," संघप्रिया म्हणाली.

आरोहीताईंनी खूण केली, कागद पिशवीत भरले, चहा घेतला आणि गेल्या.

संघप्रिया पाच मिनिटं दारात उभी राहिली. मग चप्पल न घालताच पळाली. कोपऱ्यावर आरोहीताई रिक्षाची वाट बघत होत्या. तिनं त्यांची पिशवी धरली आणि जे काही होतं ते सगळं, जुळवलेली वाक्यं विसरून, उलटसुलट सांगून टाकलं. गॅस, दूध, थरथरणारे हात, न खाल्लेली भाकरी, कॅलेंडरमागचे पोपडे. ताईंनी मध्ये एकदाही तिला थांबवलं नाही. रिक्षा आली, तर त्यांनी रिक्षावाल्याला हातानंच पुढं जायला सांगितलं.

"चल," त्या म्हणाल्या. "आपण परत घरी जाऊ."

त्यांना परत आलेलं बघून आबा उभे राहिले. आरोहीताई शांतपणे, कुणालाही दोष न देता बोलल्या. अशा आजाराला औषध असतं, हे वेड नव्हे, सरकारी दवाखान्यात यासाठी वेगळे डॉक्टर असतात, सैनिकाच्या घरच्यांना मदत मिळू शकते. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "ताई, लेकरू हाय. बापाच्या आठवणीनं काहीबाही बोलतंय. शाळेत निबंध लई चांगले लिहिती ना, रचायची सवय हाय तिला." आणि ती हसली. संघप्रियानं गेल्या सहा महिन्यांत आईला हसताना बघितलं नव्हतं. ते हसू इतकं खरं वाटलं, की क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं, आपण रचलं की काय.

"गॅसचं?" आरोहीताईंनी विचारलं.

"दूध उतू गेलं हुतं. कुणाच्या घरात जात न्हाय?"

आरोहीताईंनी पिशवीतून पेन काढलं. मग त्यांनी एका कागदावर डॉक्टरांचं नाव आणि दवाखान्याची वेळ लिहून आबांच्या हातात दिली. आबांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. "जाऊ की," ते म्हणाले. पण ताई बाहेर पडल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, आणि अर्थात सगळ्यांना ऐकू गेलं, "येड्यांच्या डॉक्टरकडं सून नेली म्हणून उद्या गल्ली बोलणार. आणि परवा ते प्रदीपच्या कानावर जाणार."

संघप्रिया पुन्हा कोपऱ्यापर्यंत गेली.

"तुझा कागद मी बदलणार आहे," आरोहीताई म्हणाल्या. "तू आता सांगितलंस तसं लिहीन."

"मग काय हुईल?"

"साडेचारशे घरांचं मिळून एक पुस्तक होईल. अहवाल म्हणतात त्याला."

"कधी?"

"वर्ष लागेल. कदाचित जास्तच."

"त्यात आमचं घर कळंल?"

"नाही. नाव नसतं ना." ताईंनी चष्मा काढून पुसला. "मी सोमवारी आजोबांना फोन करीन. परत करीन. पण आई हो म्हणाल्याशिवाय मला तिला हात धरून नेता येत नाही, संघप्रिया. हे तुला खोटं सांगत नाही."

दुसरी रिक्षा आली आणि त्या गेल्या.

घरात कुणी तिला रागावलं नाही. आईनं फक्त विचारलं, "असं कशाला सांगायचं गं?" आणि उत्तराची वाट न बघता भिंतीकडं वळली. हिरवी साडी तशीच अंगावर होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. कॉट, चादर, कॅलेंडर, सगळं आदल्या संध्याकाळीच परत आपापल्या जागी गेलं होतं. आबा वंदनेला विहारात गेले होते. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. संघप्रियानं कॉट ओढला नाही. चादर काढली नाही. आईला उठवलं नाही. ती फोन मांडीवर घेऊन बसून राहिली. दहाला पाच कमी असताना फोन वाजला. पप्पांचा चेहरा आला, ओठ फुटलेले, गालावर उन्हानं काळे डाग.

"काय म्हणतीय संघप्रिया? आबा कुटं हायेत?"

तिनं फोन फिरवला. मोरीतली भांडी दाखवली. पोपडे दाखवले. टेबलावरचं कालचं ताट दाखवलं, ज्यातल्या भातावर माशा बसल्या होत्या. मग कॉटजवळ जाऊन आईच्या पाठीवर फोन धरला, न विंचरलेल्या केसांवर, चुरगळलेल्या हिरव्या साडीवर.

पप्पांच्या मागं कुणीतरी कुणाला तरी हिंदीत घाई करत होतं.

"मुक्ता," पप्पा म्हणाले.

आई वळली. डोळे किलकिले करून तिनं फोनकडं बघितलं.

"जेवलीस का?"

"व्हय."

"बरी हायेस न्हवं?"

"बरी हाय की. जरा डोळा लागला हुता."

पप्पा बघत राहिले. फोन अडकला असं संघप्रियाला वाटलं, पण त्यांची पापणी हलली. "बरं," ते म्हणाले. "झोप मग."

तिनं फोन स्वतःकडं वळवला. "पप्पा, तुमी बघितलं न्हवं?"

"बघितलं, बाळा."

"मग?"

"खाली यायची वाट बंद हाय. बर्फ पडलाय. ती उघडल्याबगर कुणालाच सोडत न्हाईत. एप्रिल उजाडंल." त्यांनी हातमोज्यानं तोंड पुसलं. "मागं लाइन हाय. पोरं थांबल्यात."

फोन बंद झाला. नेहमीपेक्षा चार मिनिटं आधी.

आबा आले, तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ते उंबऱ्यावर बसले आणि कितीतरी वेळ चपलेचा अंगठा शिवत राहिले. तो तुटलेला नव्हता. "आता तो तितं झोपायचा न्हाय," ते म्हणाले. यावेळी त्यांचा आवाज इतका लहान होता, की संघप्रियाला पुढं झुकून ऐकावं लागलं.

रात्रभर तिच्या डोळ्यांसमोर बर्फातले पाय येत राहिले. आतापर्यंत तिला एका माणसाची धास्ती होती. आता दोघांची झाली.

सोमवारी सकाळी आरोहीताईंचा फोन आला. आबांनी तो वाजू दिला. दुपारी परत आला, तेव्हा त्यांनी तो उशीखाली ठेवला.

आणि संघप्रिया? साडेदहाला ती शाळेचा ड्रेस घालून, वेणी घालून तयार झाली. दप्तर पाठीला लावलं. दारापर्यंत गेली. बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या. त्यांना तिनं पुढं जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. दप्तर उतरवलं. आईच्या कॉटशेजारी, जिथून शेगडी आणि आईचा चेहरा दोन्ही दिसतील अशा जागी, तिनं जमिनीवर बसकण मारली.

"शाळा न्हाय व्हय?" बऱ्याच वेळानं आईनं विचारलं.

"सुट्टी हाय," संघप्रिया म्हणाली.

मंगळवारीही ती तिथंच बसली. बुधवारीही.